सिल्वासात घडणारे डॉक्टर कोणासाठी?

सिल्वासाजवळच्या सायली गावात १९ जानेवारी २०१९ रोजी वैद्यकीय महाविद्यालयाची पायाभरणी झाली. इमारत उभी राहण्याची वाट न पाहता त्याच वर्षी दीडशे विद्यार्थ्यांची पहिली तुकडी दाखल झाली. नव्या संकुलाचं उद्घाटन २५ एप्रिल २०२३ रोजी झालं आणि ७ मार्च २०२५ रोजी ४५० खाटांच्या नमो रुग्णालयाचा पहिला टप्पा सुरू झाला. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता धरली, तर या मातीत शिकलेले पहिले डॉक्टर आता कुठे बाहेर पडू लागले आहेत. वैद्यकीय शिक्षणाबद्दल देशभर चाललेल्या वादांचा आढावा सिल्वासातून घ्यायला ही वेळ म्हणूनच योग्य आहे.

दादरा आणि नगर हवेलीचं क्षेत्रफळ ४९१ चौरस किलोमीटर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ३ लाख ४३ हजार ७०९, आणि त्यातले निम्म्याहून अधिक लोक आदिवासी आहेत: वारली, कोकणा, धोडिया, दुबळा, काथोडी, ढोर कोळी. प्रदेश केंद्रशासित, महाविद्यालय सुरतच्या वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाशी संलग्न, न्यायालयीन अधिकार मुंबई उच्च न्यायालयाकडे. ओपीडीच्या रांगेत मात्र स्थानिकांबरोबर महाराष्ट्रातल्या तलासरी, डहाणू, जव्हार, मोखाड्याची आणि गुजरातमधल्या कपराडा, उंबरगावची माणसंही उभी असतात. रुग्ण सीमा पाहून आजारी पडत नाहीत, पण जागा, कोटा, बॉण्ड आणि पोस्टिंग या सगळ्या गोष्टी सीमेपाशी थांबतात. वैद्यकीय शिक्षणाचे बहुतेक वाद देशपातळीवर एका भाषेत चालतात आणि अशा ठिकाणी आले की त्यांचा अर्थ बदलतो.

गोव्याच्या शाळेपासून सेंट्रल पूलपर्यंत

या भागाचा आधुनिक वैद्यकीय शिक्षणाशी पहिला संबंध मुंबईमार्गे आला नाही. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चं. त्याच्या तीन वर्षं आधी, १८४२ मध्ये, पोर्तुगिजांनी गोव्यात वैद्यकीय-शल्यशाळा सुरू केली होती. नगर हवेली तेव्हा दमणच्या पोर्तुगीज अंमलाखाली होती, त्यामुळे अधिकृत डॉक्टर घडवणारी त्या राजवटीतली जवळची शाळा ती होती. गोव्यात शिकलेल्यांना खुद्द पोर्तुगालमध्ये पुढची परीक्षा दिल्याशिवाय व्यवसाय करता येत नसे. त्यांच्यातले अनेक आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींत नोकरीला गेले. शिक्षण एका जागी आणि गरज भलतीकडे, हा पेच इतका जुना आहे.

ब्रिटिश मुलखात दोन दर्जांचे डॉक्टर होते. पदवीधर वेगळे आणि कमी मुदतीचा अभ्यासक्रम करून आलेले 'लायसेन्शिएट' वेगळे. खेड्यापाड्यांत पोचले ते प्रामुख्याने हे दुसरे. १९४३ साली नेमलेल्या सर जोसेफ भोर समितीने १९४६ च्या अहवालात एकाच दर्जाचा, प्रतिबंधक व सामाजिक वैद्यक शिकलेला 'मूलभूत डॉक्टर' असावा असं सुचवलं. समितीतल्याच काही सदस्यांनी मतभेद नोंदवला: डॉक्टर इतके कमी असताना लायसेन्शिएटच्या शाळा बंद करू नयेत. शाळा बंद झाल्या, मतभेद मात्र आजपर्यंत संपलेला नाही. १९७५ च्या श्रीवास्तव समितीने पुन्हा सांगितलं की आपलं वैद्यकीय शिक्षण शहरी रुग्णालयाभोवती फिरतं. त्यातून १९७७ मध्ये महाविद्यालयांना ग्रामीण भागाशी जोडणारी योजना आली. फिरती वाहनं आली, पण अभ्यासक्रमाचा केंद्रबिंदू मोठ्या रुग्णालयातच राहिला.

१९५४ साली दादरा आणि नगर हवेली मुक्त झालं, १९६१ मध्ये भारतात विलीन झालं. त्यानंतरची जवळजवळ सहा दशकं इथल्या मुलांना डॉक्टर व्हायचं तर बाहेर जाण्यावाचून मार्ग नव्हता. ज्या राज्यांत किंवा केंद्रशासित प्रदेशांत वैद्यकीय महाविद्यालय नाही त्यांच्यासाठी केंद्र सरकार इतर महाविद्यालयांतल्या मोजक्या जागा राखून ठेवतं, त्याला 'सेंट्रल पूल' म्हणतात. इथली मुलं त्या जागांवर जात. ज्याचे आईवडील पावसाळ्यात शेती आणि दिवाळीनंतर वीटभट्टी यांवर जगतात, त्या मुलाला ही वाट दिसतही नव्हती. घरापासून तासाभराच्या अंतरावर महाविद्यालय उभं राहणं ही म्हणून साधी गोष्ट नाही.

जागा किती हव्यात

२०१४ साली देशात ३८७ वैद्यकीय महाविद्यालयं आणि एमबीबीएसच्या ५१ हजारांच्या आसपास जागा होत्या. दहा वर्षांत महाविद्यालयं ७८० पर्यंत गेली आणि जागा एक लाख अठरा हजारांच्या घरात. २०२५ च्या अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत आणखी ७५ हजार जागा वाढवण्याची घोषणा झाली. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ मध्ये एकाच दिवशी दहा नव्या सरकारी महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. त्यात गडचिरोली, वाशीम, हिंगोली होते, सिल्वासाला लागून असलेला पालघर नव्हता.

जागा वाढवाव्यात असं म्हणणाऱ्यांची बाजू सोपी आणि वजनदार आहे. डॉक्टर कमी आहेत, इच्छुक मुलं लाखोंनी आहेत, आणि सरकारी जागा कमी पडतात म्हणून घरं विकून मुलांना खासगी महाविद्यालयांत किंवा परदेशात धाडलं जातं. महाराष्ट्राला याचा अनुभव १९८० च्या दशकापासून आहे. विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी मिळाली, देणगीशुल्काचा प्रश्न पेटला आणि १९९२ च्या मोहिनी जैन खटल्यापासून २००५ च्या इनामदार खटल्यापर्यंत सर्वोच्च न्यायालयाला त्यात पुन्हा पुन्हा पडावं लागलं. सरकारी जागा वाढणं हाच त्यावरचा खरा उतारा, असं ही बाजू म्हणते.

दुसरी बाजू विचारते, नेमके कोणते डॉक्टर कमी आहेत? केंद्राच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीत प्राथमिक आरोग्य केंद्रांवरच्या डॉक्टरांची तूट देशपातळीवर तीन टक्क्यांच्या आसपास दिसते. ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि फिजिशियन यांची तूट मात्र सुमारे ८० टक्के आहे. देशाच्या सरासरीत आदिवासी तालुक्यांतली रिकामी पदं झाकली जातात, हे खरं. तरीही कासा किंवा तलासरीहून गरोदर बाईला 'सिल्वासाला न्या' असं सांगितलं जातं, तेव्हा बहुतेकदा अडलेलं असतं ते भूलतज्ज्ञ, रक्त आणि शस्त्रक्रियागृह यांच्यापाशी. नुसत्या एमबीबीएसच्या जागा वाढवून ही अडचण सुटत नाही.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये दर दहा लाख लोकसंख्येमागे शंभर जागा असं सूत्र मांडलं. दक्षिणेकडच्या राज्यांनी विरोध केल्यावर ते पुढे ढकललं गेलं. २०२० पासून दमण आणि दीव या प्रदेशाला जोडले गेले आहेत. दोन्हींची २०११ ची लोकसंख्या मिळून सहा लाखांच्याही आत आहे. त्या सूत्राने इथे साठेक जागा बसतात, प्रत्यक्षात पहिली तुकडीच दीडशेची होती. याचा अर्थ जागा जास्त झाल्या असा मी लावत नाही. हे महाविद्यालय पहिल्या दिवसापासून तीन राज्यव्यवस्थांच्या मधल्या पट्ट्याचं आहे. तसं कुठे लिहिलेलं नाही, एवढंच.

आत कोण येतं

प्रवेशाचा वाद 'नीट'भोवती आहे. २०१३ मध्ये ही परीक्षा प्रथम झाली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवली, २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने पुन्हा आणली. २०१७ पासून ती मराठीतही देता येते. बाजूने बोलणारे म्हणतात, एकच परीक्षा असल्याने प्रत्येक राज्यात आणि प्रत्येक खासगी संस्थेत वेगळा फॉर्म भरण्याची दमछाक थांबली, आणि मागच्या दाराने होणाऱ्या प्रवेशांना आळा बसला. विरोधक म्हणतात, ही परीक्षा शिकवणीच्या ताकदीची आहे. लातूर किंवा कोट्याला दोन वर्षं राहण्याचा खर्च ज्याला झेपतो तो पुढे. २०२४ मध्ये फुटलेली प्रश्नपत्रिका, वाढीव गुण आणि पूर्ण गुण मिळवणाऱ्यांची अचानक फुगलेली संख्या यांमुळे परीक्षेवरचा विश्वासच डळमळला. सर्वोच्च न्यायालयाने २३ जुलै २०२४ रोजी संपूर्ण फेरपरीक्षेची मागणी नाकारली, पण परीक्षा घेण्याच्या पद्धतीवर प्रश्नचिन्ह राहिलं.

खानवेल किंवा मांदोणीच्या आश्रमशाळेतून आलेल्या मुलीसाठी हा वाद आणखी आधीच्या पायरीवर सुरू होतो. शाळेत विज्ञानाची प्रयोगशाळा होती का, बारावीला भौतिकशास्त्राचे शिक्षक पूर्ण वर्ष होते का, सराव चाचण्या कोणी घेतल्या का. अनुसूचित जमातींच्या जागा राखीव असतात. त्या जागांवर कोण पोचतं हे मात्र शाळेच्या दर्जावर ठरतं, आणि एकाच यादीतल्या जमातींमध्येही फरक मोठे आहेत. धोडिया समाजात शिक्षण तुलनेने आधी पोचलं, काथोडी कुटुंबांत अजून पहिलीच पिढी शाळेत टिकवायची धडपड आहे.

यावर उपाय सुचवणाऱ्यांत दोन प्रवाह दिसतात. एक प्रवाह स्थानिक कोट्याचा. महाराष्ट्रात सत्तर-तीसचं सूत्र बरीच वर्षं होतं: सत्तर टक्के जागा त्या विभागाच्या, तीस टक्के राज्याच्या. मराठवाड्यात महाविद्यालयं कमी असल्याने तिथल्या मुलांवर अन्याय होतो या तक्रारीवरून सप्टेंबर २०२० मध्ये ते रद्द झालं. कोटा मागास भागाला तारतो, तसाच तो महाविद्यालयं जास्त असलेल्या भागाचंही रक्षण करतो, हे त्या अनुभवातून दिसलं. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चंडीगडच्या एका प्रकरणात पदव्युत्तर प्रवेशासाठी रहिवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवलं आणि एमबीबीएसला मात्र मर्यादित प्रमाणात ते चालू शकतं असं म्हटलं. चंडीगडही केंद्रशासित आहे. सिल्वासात तज्ज्ञ डॉक्टर घडवताना 'आपली मुलं' म्हणून जागा राखता येणार नाहीत, हा त्याचा सरळ परिणाम.

दुसरा प्रवाह शाळेच्या आधाराने जागा देण्याचा. तमिळनाडूने २०२० मध्ये कायदा करून सरकारी शाळांत शिकलेल्या आणि नीट पात्र झालेल्या मुलांसाठी साडेसात टक्के जागा राखल्या. मद्रास उच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. ज्या प्रदेशात खासगी शाळांतली मुलं मुख्यत्वे कारखान्यांच्या नोकरदारांची आणि सरकारी शाळांतली मुलं मुख्यत्वे गावची, तिथे या दोन कोट्यांचा परिणाम अगदी वेगळा असतो. माझा कल दुसऱ्याकडे आहे.

आत आल्यावरचं एकटेपण हा वेगळा विषय. मे २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांच्या मृत्यूनंतर वसतिगृहांतला आणि वॉर्डांतला जातीय छळ हा प्रश्न राष्ट्रीय पातळीवर आला. तो खटला न्यायालयात आहे. रेसिडेंट डॉक्टरांच्या कामाचे तास आठवड्याला ४८ असावेत असं १९९२ च्या केंद्रीय निवासी डॉक्टर योजनेत म्हटलेलं असताना सलग ३६ तासांच्या ड्यूट्या नेहमीच्याच झाल्या आहेत. आयोगाच्या कृतिदलाने २०२४ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला, त्यातल्या शिफारशी सक्तीच्या कधी होणार हे स्पष्ट नाही.

शिकवायचं काय

या प्रश्नाला सिल्वासात सर्वाधिक अर्थ आहे असं मला वाटतं, म्हणून इथे थोडं थांबतो.

२०१९ पासून देशभर क्षमताधारित अभ्यासक्रम लागू झाला. त्यात सुरुवातीला पायाभूत वर्ग, संवाद आणि नीतिमत्तेचा वेगळा धडा, पहिल्या वर्षापासून रुग्णांशी संपर्क असे बदल आले. सिल्वासाची पहिली तुकडी आणि हा अभ्यासक्रम एकाच वर्षीचे. २०२२ पासून कुटुंब दत्तक कार्यक्रमही आला. प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून गावातली तीन ते पाच कुटुंबं सांभाळायची.

या कल्पनेचं मूळ महाराष्ट्रात आहे. १९६९ मध्ये डॉ. सुशीला नय्यर यांनी सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. तिथे प्रत्येक तुकडी एक गाव घेते, विद्यार्थी तिथे राहून येतात आणि त्याच घरांकडे पुन्हा पुन्हा जातात. नीट येईपर्यंत त्या संस्थेच्या स्वतःच्या प्रवेशपरीक्षेत गांधीविचारांचा पेपर असे. सेवाग्रामच्या शेजारी पवनारला विनोबांचा आश्रम, आणि सिल्वासाच्या ज्या जिल्हा रुग्णालयाला महाविद्यालय जोडलं गेलं त्याचं नावही विनोबा भाव्यांचं. हा योगायोग असेल, पण त्यातून एक रास्त अपेक्षा तयार होते.

समर्थक म्हणतात, असा कार्यक्रम देशभर सक्तीचा होणं हे ऐतिहासिक पाऊल आहे. शंका घेणारे म्हणतात, सेवाग्राममध्ये जे अनेक दशकं निष्ठेने घडलं ते परिपत्रकाने घडत नाही. लॉगबुकात सही, रक्तदाबाची नोंद, फोटो, आणि कुटुंबाच्या वाट्याला काही नाही. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. नगर हवेलीच्या दक्षिणेकडे दुधनी-मांदोणीच्या बाजूला पाडे विखुरलेले आहेत, मधुबन धरणाचं पाणी आडवं आहे. तिथल्या कुटुंबाकडे वर्षभर जायचं तर वाहन, वेळ आणि सोबत चालणारी आशा कार्यकर्ती लागते. आणखी एक गोष्ट शहरातून लिहिलेल्या वेळापत्रकात बसत नाही. दिवाळी झाली की अनेक कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. डिसेंबरमध्ये गेलेल्या विद्यार्थ्याला दाराला कडी दिसते. दत्तक कुटुंब स्थलांतरित असेल तर त्याचा पाठपुरावा कसा करायचा, हे शिकणं हाच इथला खरा धडा आहे.

मग भाषा. शिकवणं इंग्रजीत, वसतिगृहात हिंदी-गुजराती, रुग्ण वारली किंवा कोकणा बोली बोलणारा, नाहीतर बिहार-उत्तर प्रदेशातून आलेला कामगार. ताप कधीपासून, या प्रश्नाला 'आवणी झाली तेव्हापासून' असं उत्तर आलं तर जुलै की ऑगस्ट हे विद्यार्थ्याला कळायला हवं. आधी भगताकडे जाऊन आलात का, हे न दुखावता विचारता यायला हवं. मध्य प्रदेशाने ऑक्टोबर २०२२ मध्ये हिंदीत एमबीबीएसची पुस्तकं काढली, त्यावरून मातृभाषा विरुद्ध इंग्रजी असा वाद पेटला. एक बाजू म्हणते, मुलाची बुद्धी भाषेत अडकू नये. दुसरी म्हणते, पुढचं सगळं ज्ञान इंग्रजीत आहे, त्याला त्यापासून तोडू नका. या वादात रुग्णाची भाषा जवळपास कोणीच मोजत नाही. डॉक्टर कोणत्या भाषेत शिकला यापेक्षा तो कोणत्या भाषेत आजाराची हकिकत विचारतो याने निदान बदलतं. बोलीची चाचणी आंतरवासितेआधी असावी ही मागणी मला अवाजवी वाटत नाही.

आजारांचंही तसंच. सिकलसेल या पट्ट्यातल्या अनेक आदिवासी समाजांत आहे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचं लक्ष्य सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं आहे. सांधेदुखी म्हणून आलेलं मूल सिकलसेलच्या झटक्यात आहे का हे ओळखणं, हिवतापावर प्रायमाक्विन देण्याआधी जी-६-पीडीची कमतरता आठवणं, सर्पदंशात वेळ न घालवणं, या इथल्या मूलभूत क्षमता आहेत. शिवाय करसवलतींमुळे इथे प्लास्टिक, सूत आणि रसायनांचे कारखाने उभे राहिले. यंत्रात सापडलेले हात, भाजणं, धुळीचे फुप्फुसविकार हेही कॅज्युअल्टीत येतात. आदिवासी आरोग्य आणि औद्योगिक आरोग्य एकाच वॉर्डात शिकवता येईल अशा जागा देशात फार नाहीत.

परिघावरून नवं ज्ञान येतं याचा दाखला आपल्याकडे आहे. रायगडमधल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ पासून काम करणाऱ्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवला आणि तो जगाने स्वीकारला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचा घरोघरच्या नवजात बालसेवेचा गडचिरोलीतला प्रयोग १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. या दोन्ही कामांना मोठ्या महाविद्यालयाची इमारत लागली नाही, पण वर्षानुवर्षं एका जागी राहणं लागलं.

खाटा आणि शिक्षक

दीडशे जागांच्या महाविद्यालयाला २०२३ च्या निकषांनुसार ६०५ खाटांचं रुग्णालय लागतं. नवी महाविद्यालयं जिल्हा रुग्णालयांना जोडण्याचं धोरण याच गरजेतून आलं. त्याचा फायदा असा की जिल्ह्याच्या रुग्णाला प्राध्यापक मिळतात. धोका असा की औषध आणि परिचारिका तेवढ्याच राहतात आणि भोवती विद्यार्थी वाढतात. शिक्षकांचा तुटवडा देशभर आहे, शरीररचनाशास्त्र किंवा न्यायवैद्यक यांसारख्या विषयांत जास्तच. जुलै २०२५ मध्ये आयोगाने नियम सैल केले: २२० खाटांहून मोठी सरकारी रुग्णालयं अध्यापनासाठी पात्र ठरू शकतात आणि दहा वर्षं अनुभव असलेला तज्ज्ञ सहयोगी प्राध्यापक होऊ शकतो. काहींना यात व्यवहारी शहाणपण दिसतं, काहींना दर्जाची घसरण. बायोमेट्रिक हजेरीने शिक्षक जागेवर आहे एवढं कळतं, तो शिकवतो का हे कळायला परीक्षेचे निकाल आणि विद्यार्थ्यांची मतं जाहीर व्हावी लागतील.

शिकून जातात कुठे

इथे मतं सर्वाधिक तीव्र आहेत. महाराष्ट्रात सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याने एक वर्ष सरकारी सेवा करायची, नाहीतर दहा लाख रुपये भरायचे. सेवा टाळणाऱ्यांचं प्रमाण किती मोठं आहे हा मुद्दा 'निर्माण' या युवा उपक्रमातल्या तरुणांनी आणि डॉ. अभय बंगांनी चिकाटीने लावून धरला. लोकांच्या पैशाने शिकलेल्याने लोकांचं देणं फेडावं, ही त्यांची भूमिका. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१९ मध्ये अशा बॉण्डच्या अटी वैध ठरवल्या आणि देशभर एकसारखं धोरण करण्याची सूचना केली.

विरोधी बाजू केवळ स्वार्थाची नाही. नेमणुकीचं पत्रच महिनोन्महिने येत नाही, जिथे पाठवतात तिथे राहायला खोली नसते, रात्री एकट्या डॉक्टरबाईला सुरक्षा नसते, आणि पदव्युत्तर प्रवेशाचं वर्ष वाया जातं, अशा तक्रारी तरुण डॉक्टर करतात. सक्तीने आलेला डॉक्टर वर्ष मोजत काढतो, गावाला दर वर्षी नवा चेहरा मिळतो.

बाहेरच्या देशांनी हा प्रश्न प्रवेशापासूनच सोडवायचा प्रयत्न केला. जपानमध्ये १९७२ साली सुरू झालेल्या जिची वैद्यकीय विद्यापीठात प्रत्येक प्रांतातून दोन-तीन विद्यार्थी निवडले जातात. फी कर्जाच्या रूपात असते आणि स्वतःच्या प्रांतात सुमारे नऊ वर्षं काम केलं की ती माफ होते. फिलिपिन्सच्या लेटे बेटावर १९७६ मध्ये निघालेल्या शाळेत गावच उमेदवार सुचवतं. विद्यार्थी आधी सुईणीचं, मग परिचारिकेचं शिक्षण घेतो, मधे गावात काम करतो आणि मग पुढे डॉक्टर होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांतही ग्रामीण पार्श्वभूमीचे विद्यार्थी निवडणं आणि महाविद्यालयं ग्रामीण भागात काढणं यांवर भर आहे. सिल्वासाने दुसरी अट पूर्ण केली आहे. पहिली अट नीट आणि कोटा यांच्या गणितात अडकली आहे.

डॉक्टरांखेरीज कोण

लायसेन्शिएटचा जुना वाद नव्या नावांनी परत येतो. छत्तीसगडने २००१ मध्ये तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढला आणि काही वर्षांत गुंडाळला. त्यातून आलेले ग्रामीण वैद्यकीय सहायक प्राथमिक केंद्रांवर एमबीबीएसच्या जवळपास बरोबरीने काम करतात, असं पब्लिक हेल्थ फाउंडेशनच्या अभ्यासात दिसलं. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने 'सामुदायिक आरोग्य सेवक' म्हणून मर्यादित परवान्याची तरतूद केली, त्याविरुद्ध इंडियन मेडिकल असोसिएशनने देशव्यापी बंद पुकारला. महाराष्ट्रात होमिओपॅथी डॉक्टरांना एका वर्षाच्या औषधशास्त्राच्या अभ्यासक्रमानंतर आधुनिक औषधं लिहू देण्यावरून २०१४ पासून भांडण सुरू आहे, २०२५ मध्ये ते पुन्हा संपापर्यंत गेलं. जव्हार-मोखाड्याच्या भरारी वैद्यकीय पथकांत मात्र आयुर्वेद पदवीधर वर्षानुवर्षं काम करत आले आहेत आणि त्यांच्या सेवेच्या अटींबद्दल या भांडणात क्वचितच कोणी बोलतं.

अजून न सुटलेलं

पहिला प्रश्न माहितीचा. कोणत्या शाळेतून किती मुलं आली, त्यातली कोणत्या जमातीची किती, कोण कोणत्या वर्षी अडकलं, आंतरवासितेनंतर कोण कुठे गेलं, अशी तुकडीवार नोंद प्रत्येक नव्या सरकारी महाविद्यालयाने जाहीर करावी. त्याशिवाय कोट्याची किंवा बॉण्डची बाजू घेणारे दोघेही अंदाजावर बोलत राहतील. सिल्वासाची पहिली तुकडी आता बाहेर पडते आहे, त्यामुळे ही नोंद इथे पहिल्या दिवसापासून पूर्ण ठेवणं शक्य आहे.

दुसरा प्रश्न सीमेचा. पदव्युत्तर विद्यार्थ्याने तीन महिने जिल्हा पातळीच्या रुग्णालयात काम करायचं, असा नियम देशभर आहे. सिल्वासात शिकणाऱ्या स्त्रीरोग किंवा भूलशास्त्राच्या रेसिडेंटसाठी सर्वात उपयुक्त जागा जव्हारचं कुटीर रुग्णालय, डहाणू किंवा कपराडा असू शकते, कारण तिथूनच रुग्ण निघून त्याच्या वॉर्डात येतात. त्यासाठी केंद्रशासित प्रदेशाचं प्रशासन, महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात करार लागेल. विद्यावेतन कोणी द्यायचं, शस्त्रक्रियेत काही बिघडलं तर जबाबदारी कोणत्या सरकारची, महाराष्ट्रातलं काम सुरतच्या विद्यापीठाने कसं मोजायचं आणि परत पाठवलेल्या बाळंतिणीची विचारपूस कोणत्या आशाने करायची, एवढे मुद्दे त्या करारात आधी लिहावे लागतील.